फुटबॉलचा वाटा

आमच्या घरी नवं खाण्याचा एक नियम आहे. नवं भात खळ्यावरून घरात आलं की ते आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला वाढायचं. मग घरातल्या मेलेल्या माणसांना वाढायचं. मग बाप आणि सगळे लेक एका ओळीत बसून जेवणार आणि त्यांच्यामागून आम्ही बायका. ओळीत एकजण जरी कमी असला तरी नवं होत नाही. आणि नवं झालं नाही तोवर घरातल्या कुणीच नव्या दाण्याला तोंड लावायचं नाही. आपल्या घरच्या नाही आणि शेजारच्याही नाही. रेशनचा तांदूळ चालतो. त्याला पोत्याचा वास येतो, पण तो जुना असतो.

मी सांगते त्या वर्षी ओळीत माझा धाकटा दीर कमी होता. तो फुटबॉल खेळायला गेला होता.

आमचा पाडा सूर्यमाळच्या अंगाला, डोंगरावर आहे. दीर जव्हारला कॉलेजात होता आणि वसतिगृहात राहायचा, सुटीला घरी यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात कुणाशी बोलायचे नाही. चौथीपर्यंत शाळा झाली होती, पण शाळेतही मी हजेरीपुरतंच बोललेली. बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, तो अजूनही पडतो. दिराला हे समजलं होतं म्हणून तो मला प्रश्नच विचारायचा नाही. त्याच्याकडे आश्रमशाळेत टाकून दिलेला एक जुना फुटबॉल होता. कापणी झालेल्या खाचरात दोन पेंढ्या उभ्या करून तो एकटाच गोल मारत बसायचा आणि मला पलीकडच्या बांधावर उभं करायचा, बॉल परत टाकायला.

"वहिनी, हातानं काय टाकतेस? पायानं मार."

मी मान हलवून नाही म्हणायचे. एक दिवस आजूबाजूला कुणी नाही असं बघून मारला. बॉल दिराच्या डोक्यावरून गेला आणि अंगणात वाळत घातलेल्या नागलीत पडला. नागली चारी बाजूंना उडाली. सासू सूप घेऊन तिथंच बसली होती. तिनं वर बघितलं.

"मी मारला," दीर लगेच म्हणाला.

"तुझा पाय कवापासून वाकडा झाला?" सासू म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. तिला कळलं होतं की नाही ते मला कळलं नाही. दिराचं आणि माझं मात्र त्या दिवसापासून जमलं.

तर हा दीर कॉलेजच्या संघात गेला. तिथून सरांनी त्याला विद्यापीठाच्या निवडीला नेलं आणि तो तिथेही निवडला गेला. दिवाळीला घरी आला तेव्हा सगळे जेवायला बसल्यावर त्यानं सांगितलं की आता देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या स्पर्धा आहेत, खाली दक्षिणेत, आगगाडीनं जायचं आहे.

"किती दिवस?" सासऱ्यानं विचारलं.

"ते जिंकण्यावर आहे, बा. हरलो की घरी. जिंकलो की पुढची मॅच."

"म्हणजे हरलास की लगेच सोडतात?"

"हो."

"मग बरं हाय."

सासूला ते बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "वीटभट्टीवर पण असंच. चांगलं काम करतो त्याला सेठ सोडत नाय. आपलं नवं व्हायचंय अजून."

नागली-वरईचं नवं दिवाळीतच उरकलं होतं. पण आमचं भात गरवं, उशिरा पिकणारं. ते अजून खाचरात उभं होतं.

"अगं आय, आमचा संघ काय जिंकतोय? तिकडं बंगालची, केरळची पोरं येतात. पयल्याच मॅचला हरतो बघ. तुमचं खळं व्हायच्या आत येतो."

इतक्या खात्रीनं म्हणाला की सगळे निश्चिंत झाले. तरी सासूनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं, की तिकडं कुणाच्या नव्या तांदळाला तोंड लावणार नाही. मी त्याला नागलीच्या भाकऱ्या आणि खुरासणीची चटणी बांधून दिली. त्याचे सगळे कपडे धुऊन, वाळवून घड्या घातल्या. बरोबर नेणार होता ते आणि घरी ठेवणार होता तेही. माझ्या हाताला ती सवय आहे.

आता माझं सांगते. मला तेव्हा पोटात मूल होतं, पहिलंच. जव्हारकडच्या वावर गावात कुपोषणानं मुलं दगावली त्यानंतर आमच्याकडेही नर्सबाई पाड्यापाड्यावर फिरायला लागल्या होत्या. त्या म्हणायच्या, मनात येईल ते खा, दोन घास जास्त खा. आणि माझ्या मनात एकच येत होतं. नव्या भाताची पेज, वर थोडं मीठ, बाकी काही नको. हे डोहाळे मी कुणाला सांगितले नाहीत. सांगून काय होणार होतं? दीर पहिली मॅच हरून येणारच होता.

पण तो हरला नाही.

खोडाळ्याच्या बाजारात एका दुकानदाराकडे फोन होता. दीर त्याला फोन करायचा आणि दुकानदार वर येणाऱ्या कुणाच्या तरी तोंडी निरोप द्यायचा. पहिला निरोप आला, जिंकले. सासरा जरा खूश झाला. तंबाखू मळत म्हणाला, "पोऱ्या धावतो बरा." दुसरा निरोप आला, पुन्हा जिंकले. सासरा म्हणाला, "पुन्हा?" तोवर भात कापून, झोडून झालं होतं. कणगी भरली. सासूनं कणगीच्या तोंडाला शेण लिंपलं. तिसरा निरोप आला तेव्हा सासऱ्यानं निरोप आणणाऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पाड्यात एकेका घरचं नवं होत गेलं. शेजारची म्हातारी सकाळी पेजेची थाळी घेऊन आमच्या समोरच्या ओट्यावर बसायची आणि भुरका मारायची. मारून झाला की डोळे मिटायची. मुद्दाम नव्हती करत, तिला दात नव्हते. पण मी त्या वेळी पाण्याला जायला लागले. एरवी मी उशिरा जायचे.

लोकांना तर खेळच मिळाला. सासरा बाहेर दिसला की कुणीतरी विचारायचं.

"काय रे बाबा, आज तरी हरला का पोरगा?"

"नाय ना," सासरा म्हणायचा, आणि त्याचं तोंड असं व्हायचं की जणू बैल हरवलाय.

मग जव्हारहून कॉलेजचे सर आले, मोटारसायकलवरून, पेढे घेऊन. एवढ्या चढाला मोटारसायकल तापली होती, सरही तापले होते. ओटीवर बसून त्यांनी सांगितलं की आपल्या भागातला मुलगा देशाच्या स्पर्धेत खेळतोय, डाव्या बाजूनं असा पळतो की कुणाच्या हाती लागत नाही, तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे.

"वाटतो ना," सासरा म्हणाला. "पण सर, आता कधी हरंल?"

सर हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. सासरा उत्तराची वाट बघत राहिला. मग सर गंभीर झाले आणि म्हणाले, "तसं सांगता येत नाही. उपांत्य फेरीत गेलेत."

"ते किती लांब हाय?"

सासूनं सरांना नागलीची भाकर आणि रेशनचा भात वाढला. सर चांगले माणूस, घास घेऊन म्हणाले, "आता नवा तांदूळ आला असेल ना घरात? त्याची चवच वेगळी." आत चुलीजवळ माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि बाहेर सासूनं सरांच्या ताटात आणखी रेशनचा भात वाढला. सरांनी तो सगळा संपवला.

कणगी आमच्या आतल्या खोलीत होती. नव्या भाताला वास असतो, उन्हाचा आणि थोडा दुधासारखा. शेणाच्या लिंपणातूनही तो येतो, निदान मला येत होता. काम झालं की मी तिथं जाऊन बसायचे. एकदा सासूनं पकडलं.

"काय करतेस?"

"पाठ टेकली जरा."

"पाठ तिकडं हाय. नाक कणगीला लावून बसलीस."

मी उठले आणि पाण्याचा हंडा उगाच इकडचा तिकडं ठेवला. सासू थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या धाकट्याला मी नऊ महिने पोटात ठेवलं, तेव्हा तर जरा धावत नव्हता." आणि गेली.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी खोडाळ्याला उतरलो. मला दवाखान्यात दाखवायचं होतं. नंतर दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, बसा, त्याचा फोन येईल आता. आला. दुकानदारानं फोन सासूपुढे धरला. सासूनं दोन्ही हात पदरात घेतले.

"मी नाय. हिला दे."

मी आजवर फोन हातात धरला नव्हता. दुकानात बाजारची माणसं होती, कुणी मीठ घेत होतं, कुणी काडेपेटी. सगळे बघायला लागले. मी फोन कानाला लावला.

"हॅलो. आय? बा? कोण हाय?"

"मी."

"वहिनी?" तो हसायला लागला. "वहिनी, तू बोलतेस? आता मला कप नाय मिळाला तरी चालंल."

मग त्यानंच बोलून घेतलं, नेहमीसारखं. म्हणाला, इथं सकाळ-दुपार-संध्याकाळ नुसता भात असतो. पहिल्या दिवशी मी आचाऱ्याला विचारलं, भाई, ये चावल नया है क्या? तर त्याला असा राग आला वहिनी, की पळी आपटली. माझा हात धरून कोठीत नेलं, पोती दाखवली, छातीवर हात ठेवून म्हणाला, पुराना, एक साल पुराना. यांच्यात जुना तांदूळ मोठ्या मानाचा, नवा वाढला तर पाहुण्याचा अपमान. मी खूश होऊन तीनदा घेतला. आता तो मलाच पहिला वाढतो. सगळ्यांना सांगतो, या पोराला तांदळातलं कळतं.

मी हसले. फोनमध्ये हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

मग तो म्हणाला, "घरचं नवं मस्त झालं ना?"

मी सासूकडे बघितलं.

"वहिनी? झालं ना?"

"नाय."

"माझ्यासाठी थांबलात?" त्याचं हसणं थांबलं. "अगं, मी विसरलोच. इथं मॅच नसली तरी रोज पळायचं. बा चिडला असंल."

"थोडे."

"ऐक. उद्याची मॅच हरलो की परवा गाडीत बसतो. समोरचा संघ भारी हाय, हरलो असंच धर. बाला सांग, चूल पेटवून ठेव."

आता मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पेजेचा भुरका अगदी ओठाशी आला. आणि त्याच वेळी मला दिसलं, की हा उद्या पळायला उभा राहील आणि त्याच्या डोक्यात आमची चूल असेल. खाचरात दोन पेंढ्या उभ्या करून एकटाच पळणारा हा पोरगा, आणि त्याला आता कुठं समोर कुणी मिळालंय.

"हरू नका, भाऊजी," मी म्हणाले.

"आं?"

"हरू नका. जिंकूनच या. आम्हाला काय घाई नाय."

हे मी बरंच मोठ्यानं बोलले असणार, कारण मीठ घेणारा माणूस पिशवी तशीच धरून उभा राहिला. फोन दुकानदाराला परत दिला आणि पिशवी उचलली. सासूकडे बघायचं धाडस झालं नाही.

वर जाताना ती पुढं चालत होती. चढावर एकदा थांबली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुन्हा चालायला लागली. पण आमच्या पाड्याची वाट आली तेव्हा ती वळली नाही. सरळ पुढं भगताच्या पाड्याकडे निघाली.

भगत अंगणात टोपली विणत बसला होता. आमच्याकडे देवाधर्माचं जे काही अडतं ते त्याला विचारतात. सासूनं सगळं सांगितलं, पोरगा, मॅच, कणगी. माझं काही सांगितलं नाही, नुसतं माझ्याकडे बोट केलं. भगतानं बांबूची कामटी तशीच हातात धरून विचार केला.

"पोरगा नाय तर त्याचं काय तरी बसवा ओळीत. त्याच्या अंगाचं, घामाचं. कपडा हाय घरात?"

सासूनं माझ्याकडे बघितलं.

"धुतले," मी म्हणाले.

"सगळे?"

"सगळे."

भगतानं माझ्याकडे असं बघितलं, जणू कपडे धुणं हा एखादा नवाच रोग आलाय. मग म्हणाला, "रोज त्याचा हात-पाय लागला असं दुसरं काय हाय?"

"बॉल," मी म्हणाले. त्या दिवशी माझं तोंड सुटलंच होतं.

"म्हणजे?"

सासूनं हातांनी भोपळ्याएवढा आकार करून दाखवला.

"कशाचा असतो?"

"चामड्याचा."

भगत पुन्हा विचारात पडला. "ढोल पण चामड्याचाच," तो शेवटी म्हणाला. "तो देवाजवळ चालतो. मग ह्यो पण चालंल. बसवा."

घरी सासऱ्याला सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला.

"मी बॉलच्या पंगतीला बसू?"

"तुझ्या पोरापेक्षा गप बसंल तो," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून बॉल काढला आणि धुवायला निघाले. सासूनं माझा हात धरला. "आता हे तरी नको धूस." तसाच, खाचरातल्या मातीसकट, तो पाटावर ठेवला. तिकडे सासरा, मग माझा नवरा, मग बॉल. आमची जमीन जरा उताराची आहे. कणसरीला वाढून होईतो बॉल पाटावरून निघाला आणि घरंगळत चुलीपर्यंत गेला.

"हा पण पळतोय," नवरा म्हणाला. तो सहसा बोलत नाही, आमच्या दोघांचं तसंच आहे.

मी हंड्याखालची चुंबळ आणली, बॉल तिच्यात बसवला. मग तो राहिला. सासूनं त्याला कुंकू लावलं. पळसाच्या पानावर नवा भात, उडदाची आमटी आणि भोपळ्याची भाजी वाढली. सासऱ्यानं एकदा शेजारी बघितलं, एक सुस्कारा टाकला आणि घास घेतला. दुसऱ्या घासाला तो बॉलला विसरला. चौथ्यांदा भात मागून घेतला.

पुरुषांचं झालं. बॉलचं पान तसंच भरलेलं होतं. ते टाकायचं नाही, ओळीतला वाटा आहे. मी बाजूला सरकवायला गेले तर सासूनं ते पान उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं. वाटीत पेज होती, कधी काढून ठेवली कुणास ठाऊक. वर मीठ घातलेलं होतं.

"तू खा. तुम्ही दोघं हायत."

मी खाल्लं. काय सांगू, पेज ती पेज. पण पहिला भुरका मारला आणि माझेही डोळे आपोआप मिटले, आणि मला दात सगळे होते.

त्याच दिवशी दीर तिकडची मॅच जिंकला. हे आम्हाला नंतर कळलं. शेवटची मात्र हरले. आला तेव्हा त्याच्या गळ्यात दुसऱ्या नंबरचं पदक होतं आणि पिशवीत आचाऱ्यानं दिलेला वर्षभर जुना तांदूळ.

"हरलास एकदाचा," सासरा म्हणाला. आवाजात फार समाधान होतं. मग पदक हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि घेऊन बाहेर गेला. सगळ्या पाड्याला दाखवूनच परत आला.

सासूला मात्र काळजी लागली होती. आपण याच्याशिवाय जेवलो म्हणून तर हा हरला नाही? तिनं दिवसांचा मेळ घालून घेतला. आम्ही जेवलो त्या दिवशी हा जिंकला होता हे कळल्यावर तिनं बॉलकडे बघितलं.

"म्हणजे फायनलच्या दिवशी पण बसवायला हवा होता," ती म्हणाली.

दीर जेवला, पोटभर जेवला. उठून हात धुतले आणि बॉल घेऊन खाचराकडे निघाला.

"पाय लावू नको त्याला," सासू म्हणाली.

"आय, बॉल आहे तो."

"होता. आता कणसरीजवळ बसलाय."

दिरानं माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासत होते, आणखी जोरात घासायला लागले. त्यानं बॉलवरचं कुंकू बघितलं, थोडा हसला, आणि बॉल आणून आईच्या हातात दिला. नंतर सरांनी त्याला दुसरा दिला म्हणून बरं.

तो जुना बॉल तेव्हापासून कणगीवरच्या शिंक्यात आहे. दिराला पुढं लांब नोकरी लागली. दरवर्षी नव्याला यायला जमत नाही, तेव्हा बॉल खाली उतरतो. आता त्याच्यातली हवा गेली आहे, एका अंगानं चपटा झालाय, चुंबळ लागत नाही. त्याचं पान मीच खाते. तेव्हा पोटात होती ती माझी मुलगी आता त्यावरून भांडते. म्हणते, पहिल्या वाट्यात मी अर्धी होते, मग आता सगळा तुला कसा?

सासरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. नव्याला त्याचंही पान मांडतो. घरात जागा तेवढीच, म्हणून ते बॉलच्या शेजारीच येतं. सासू वाढताना दोघांकडे बघते आणि सासऱ्याच्या पानावर भात जरा जास्त घालते.